बिनमाशांचं पाणी

माझ्या नातीने घरात समुद्र आणला आहे. दादरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जिथे इतकी वर्षं टीव्ही होता, तिथे आता काचेची एक लांबलचक टाकी बसली आहे. तिच्यात खारं पाणी आहे, पांढरी वाळू आहे, भोकाभोकांचे दगड आहेत, वर निळा दिवा आहे. मासा एकही नाही. सई ऑफिसातून येते, पर्स खांद्यावर तशीच ठेवून टाकीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेते, त्यात कसले तरी थेंब टाकते, हलवते आणि रंग बघते. हिरवा आला की तिचा चेहरा पडतो.

"अजून अमोनिया आहे, आजी. अजून नाही चालणार."

मग ती सोफ्यावर आडवी होते, मी माझ्या खुर्चीत असते, आणि आम्ही दोघी त्या पाण्याकडे बघत बसतो. ती दिवसभराच्या कामाने दमलेली असते. मी कशाने दमते ते आता सांगता येत नाही. फाल्गुन संपत आला आहे. दुपारची हवा जड व्हायला लागली आहे आणि संध्याकाळी खिडकी उघडली की शिवाजी पार्काच्या बाजूने खारा वारा येतो. दरवर्षीच येतो. यंदा तो आत येऊन टाकीपाशी घुटमळतो आणि मला लालबागच्या खोलीत नेऊन बसवतो.

सई मला समजावून सांगते, नव्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढावे लागतात. माशांची घाण ते पचवतात. ते नसतील तर मासा स्वतःच्याच घाणीने मरतो. म्हणून आधी नुसतं पाणी ठेवायचं आणि थांबायचं. मी मान हलवते. हे मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकलं होतं. तेव्हा आमच्या घरात कोणी जंतूंचं नाव घेत नव्हतं. 'पाणी पिकतंय' म्हणत.

म्हणणारे म्हणजे आमचे हे. गिरगावातल्या एका कॉलेजात प्राण्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. मी फणसवाडीतली, मॅट्रिक झालेली. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा एका खोलीत आम्ही दोघं, माझ्या सासूबाई आणि कोपऱ्यात लोखंडी चौकटीची एक रिकामी काचेची पेटी होती. लग्नाआधी ह्यांनी तिच्यात समुद्राचं पाणी भरून घाईघाईने मासे सोडले होते. दोन-तीन दिवसांत पाणी दुधासारखं झालं, मासे वर येऊन तोंडं उघडत राहिले आणि मेले. त्यानंतर ह्यांनी किती तरी दिवस ताटातल्या माशाला हात लावला नाही, असं सासूबाईंनी मला सांगितलं. सांगताना त्या हसत नव्हत्या. त्यांना त्या पेटीचा रागच होता.

संक्रांतीच्या सुमारास ह्यांनी ती पुन्हा भरायला घेतली. चौकट गंजू नये म्हणून आतून डांबर लावलं. चौपाटीच्या पलीकडे, जिथे पाणी जरा नितळ असतं तिथून, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्यांत भरून ते पाणी आणायचे. दोन हातांत दोन बरण्या. ट्रामचा कंडक्टर विचारी, "काय हाय आत?" हे म्हणत, "समुद्र." तो तिकीट फाडून देई. एवढंच. रोज संध्याकाळी खोलीत समुद्र चार तांबे वाढत असे. मग वाळू आली, खडकावरून सुटलेले शेवाळी दगड आले, आणि शेवटी ह्यांनी बाजारातली एक कोळंबी सोलून पाण्यात टाकली.

सासूबाई बघतच राहिल्या. "मुकुंदा, मासो खंय आसा ह्यात?"

"अजून नाय, आये. पाणी तयार होऊक व्हया."

"पाणी म्हणजे काय लोणचां, मुरत ठेवूक?"

कोळंबी कुजली. खोलीत वास सुटला. पाणी गढूळलं. हवा मिळावी म्हणून ह्यांनी लॉरीच्या चाकाची जुनी ट्यूब आणली होती. ती सायकलच्या पंपाने फुगवायची, तिच्या तोंडाला बारीक रबरी नळी, नळीच्या टोकाला वेताचा तुकडा. वेतातून मोहरीएवढे बुडबुडे निघत आणि दिवसभर एक बारीक कुजबुज चालू राही. पंप शेजारच्या वासूचा. शेजारच्या खोलीत अर्जुन परब राहत, मिलमध्ये साच्यांवर कापड विणायला होते. त्यांची बायको गावी, देवगडच्या बाजूला, म्हातारी आंधळी सासू आणि म्हैस सांभाळत होती. वासू त्यांचा एकुलता मुलगा, विशीतला. वर्षभरापूर्वीच वडिलांनी त्याला आणून मिलमध्ये बदलीवर लावला होता. त्याने एक जुनी सायकल घेतली होती आणि तो तिला चाळीच्या जिन्याखाली पुसत बसे. पंप देताना म्हणाला, "वहिनी, पहिला मासा घालाल तेव्हा मला हाक मारा हां."

ते दिवस कसे होते हे सईला सांगायला गेले तर ती 'हो, शाळेत होतं आम्हाला' म्हणते. शाळेत काय असतं कोण जाणे. मला आठवतो तो जळलेल्या टायरचा वास, खिडकीच्या फटीत कोंबलेल्या ओल्या चिंध्या, आणि अश्रुधूर आत आला की डोळ्यांवर पाण्याचा हात फिरवायच्या आधी पेटीवर ओलं पातळ टाकायला धावणारे हे. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून सगळं गिरणगाव रस्त्यावर होतं. गॅलरीतून बायका घोषणा द्यायच्या, मीही द्यायचे. सकाळी नळावर जाताना माझा आवाज बसलेला असे.

गोळीबार झाला त्या दुपारी वासू पाळीवरून परत येत होता. तो मोर्चात होता की नाक्यावर नुसता बघत उभा होता, यावर चाळीत पुढे बरेच दिवस बोलणं चाललं. परबांनी त्यात कधी भाग घेतला नाही. कर्फ्यू होता, स्मशानात मोजकीच माणसं जाऊ दिली. गावी तार चाळीतल्या लोकांनी केली. दिवसकार्य परबांनी इथेच उरकलं, डोकं भादरून घेतलं आणि चौदाव्या दिवशी मिलच्या भोंग्याला उठून कामावर गेले.

हे पंप परत द्यायला गेले होते. परबांनी तो हातात घेतला नाही. "असूंदे," म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ह्यांनी सत्याग्रहींच्या तुकडीत नाव दिलं. सासूबाईंनी डबा भरून दिला. मला हे म्हणाले, "पेटीतलं पाणी आटेल. जेवढं आटेल तेवढं नळाचं गोडं पाणी घाल, मीठ आतच राहतं. ट्यूब बसू देऊ नकोस. आणि कितीही नितळ दिसलं तरी मी येईपर्यंत मासे नकोत." मी हो म्हटलं. खाली गळ्यात हार घालून ते गेले आणि पोलिसांच्या व्हॅनमध्ये चढताना त्यांनी वर बघितलं. नवरा म्हणून मला त्यांची अजून पुरती ओळखही झाली नव्हती.

लवकर येईन म्हणाले होते. ते आले नाहीत. आत ठेवलं होतं, एवढंच कळत होतं.

मी पाणी घालत होते. नळाला पाणी कमी, रांगेत भांडणं, आणि त्यातला अर्धा तांब्या मी रिकाम्या काचेत ओतायची. सासूबाई तोंड फिरवायच्या. शेजारच्या बायका यायच्या, पेटीला नाक लावून बघायच्या आणि विचारायच्या, "मासे कुठे लपलेत गं?" मी म्हणायची, "नाहीतच." त्या माझ्याकडे बघत निघून जायच्या. नवरा तुरुंगात गेल्यावर सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला, असंही कोणी म्हणालं असेल.

सगळ्यात जड काम ट्यूब फुगवायचं. पंपाचा दांडा खाली रेटता रेटता माझ्या छातीत कळ यायची. एका संध्याकाळी मी अशीच धापा टाकत थांबले होते. परब पाळी संपवून गॅलरीतून आपल्या खोलीकडे चालले होते, अंगावर कापसाचे तंतू. ते दारात थांबले. माझ्या हातातल्या पंपाकडे बघत राहिले. मला वाटलं आता पंप मागणार, आणि मी तो पुढे केला. ते आत आले, खाली उकिडवे बसले आणि ट्यूब भरायला लागले. भरून झाल्यावर उठले नाहीत. भिंतीला टेकून पेटीकडे बघत बसले. सासूबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. तो निवला तरी ते बसूनच होते.

मग ते रोज यायला लागले. आल्यावर ट्यूब, मग भिंत, मग पाणी. बोलत नसत. त्यांच्या स्वतःच्या खोलीत चाळीतली, मिलमधली, गाववाली माणसं येत आणि सगळी एकच विचारत, 'गावाक कधी जातंस?' वासूची आई तिकडे आंधळ्या सासूजवळ एकटी होती. गावाहून निरोपावर निरोप येत होते. परब 'जातंय, जातंय' म्हणत आणि जात नसत. आमच्याकडे त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. सासूबाई शेगडीपाशी, मी निवडत किंवा शिवत, ते पाण्यापुढे. त्या तासाभरात मी फार थकलेली असे आणि तरी तो तास मला आवडायला लागला होता. बाहेर लोक सारखे काही तरी मागत होते, ओरडत होते, आणि खोलीत फक्त बुडबुडे होते.

पाणी बदलत होतं. मी रोज बोट बुडवून वास घेई, हे घेत तसा. आधी कुजका, मग नाकात झोंबणारा, गोठ्यासारखा, मग एक दिवस तो उणावला. गढूळपणा खाली बसला. काचेवर तांबूस साय धरली, दगडांवर हिरवी लव आली. काठावर मिठाची पांढरी किनार साचली, ती मी फडक्याने पुसायची. चैत्र लागला तेव्हा पाणी इतकं निर्मळ झालं होतं की पलीकडची भिंत दिसे. वास घेतला तर पहाटेच्या किनाऱ्याचा.

मी आनंदाने परबांना म्हटलं, "झालं बहुतेक. हे आले की आता मासे आणतील."

त्यांनी मान वर केली. त्या खोलीत त्यांनी काढलेले ते पहिले शब्द.

"सूनबाय, इतक्यात नको. थोडे दिस असांच रवांदे."

"का हो?"

"ह्यात काय नाय, म्हणान बघूक बरां वाटता."

मी फडकं घेऊन काठावरची मिठाची किनार पुसायला लागले.

हे सुटून आले तेव्हा ओळखू येईनात. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, एक खांदा वर उचलता येत नव्हता. दारातूनच त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली. जवळ जाऊन त्यांनी बोट बुडवलं, हुंगलं आणि किती तरी वेळ काचेवर कपाळ टेकून राहिले. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू केलंस." तुरुंगात पडल्या पडल्या ते मनात मासे निवडत होते, असं मला नंतर कळलं. कुठल्या खडकातल्या कुठल्या डबक्यात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे बोटभर मासे भरतीनंतर अडकून राहतात, हे त्यांनी आधीच हेरून ठेवलं होतं.

मी त्यांना गॅलरीत नेलं आणि परब काय म्हणाले ते सांगितलं. सांगताना मला भीती वाटत होती. इतके महिने एका माणसाने वाट बघावी आणि त्याला म्हणावं की अजून थांबा.

हे खाली रस्त्याकडे बघत होते. नाक्यावरच्या भिंतीवर कोणी तरी गेरूने लिहिलेली, गोळीबारात गेलेल्यांची नावं उन्हाने फिकी झाली होती. "राहू दे," ते म्हणाले. "पाण्याला काय घाई आहे." आणि आत जाऊन अंघोळीला पाणी मागितलं. आमच्या लग्नात मी त्या माणसावर जीव टाकायला नक्की कधी लागले असं मला कोणी विचारलं, तर मी ती गॅलरी दाखवेन. ती चाळ आता नाही. तिथे उंच काचेची इमारत आहे.

त्यानंतर संध्याकाळी दोन पुरुष पेटीपुढे बसायला लागले. ह्यांचा खांदा दुखे, म्हणून ट्यूब परबच भरत. असे बरेच दिवस गेले. बाजारात आंबे आले. मिलच्या लोकांची गावी जायची गडबड सुरू झाली, कारण पावसाच्या तोंडावर कोकणच्या बोटी बंद होतात आणि मग चार महिने समुद्राने जाता येत नाही. रस्त्याने जायचं तर घाट, नद्या, दोन दिवसांचे हाल. परब तिकिटाचं नाव काढत नव्हते.

एका संध्याकाळी ते एकदम पुढे सरकले आणि गुडघ्यांवर आले.

"ह्यात कोण तरी आसा."

आम्ही तिघंही जवळ गेलो. काचेच्या आतल्या बाजूने मसुराच्या दाण्याएवढी एक गोगलगाय वर चढत होती. दगडाच्या कुठल्या तरी भोकात बसून आली असेल. कुजकं पाणी, गढूळ पाणी, सगळं तिने आतच काढलं होतं आणि आता तांबूस साय खात ती मागे एक स्वच्छ रेघ सोडत होती. परब तिच्याकडे बघत राहिले. मग तसेच काचेकडे तोंड करून बोलायला लागले, जसं काही कोणी मघाच त्यांना प्रश्न विचारला होता.

"ती म्हणत होती, झीलाक मुंबैक नेव नको. घरची शेती करीत. मी नेलंय. आता जाऊन काय सांगू तिका?"

हे म्हणाले, "त्या विचारतील तेवढं सांगा, मामा."

"ती काय्येक विचारूची नाय. तेचीच भीती वाटता. विचारल्यान, शिवी घातल्यान, तर बरां. ती नुसती बघीत."

शेगडीवर भात होता. सासूबाईंनी तो उतरवला, पदराला हात पुसले आणि परबांच्या समोर येऊन बसल्या. त्यांचा नवरा गेला तेव्हा हे आठ वर्षांचे होते, त्या गावी होत्या आणि मुंबईहून प्रेताऐवजी निरोप आला होता. त्या मला हे कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी परबांना बोलल्या.

"अर्जुना, मी तेव्हा वाट बघत होतंय. कोणी तरी येतला आणि माका सांगतला, शेवटी तो कसो दिसा होतो. कोण इलो नाय. अजून माका म्हायत नाय. तू हंय गप बसलंस, ती थंय गप बसली आसा. बोटी आता बंद होतीत. उद्या दोन तिकिटां काढ. मी येतंय तुझ्यावांगडा."

परब म्हणाले, "तू कित्याक, वयनी? तुका बोट लागता."

"लागूंदे."

लग्न झाल्यापासून मी सासूबाईंना लालबाग सोडून भायखळ्याच्या बाजारापलीकडे गेलेलं पाहिलं नव्हतं. गावाचं नाव काढलं की त्या विषय बदलत. दोन दिवसांनी आम्ही त्यांना भाऊच्या धक्क्यावर सोडायला गेलो. ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, रडणारी पोरं, आणि त्या गर्दीत परब एक पिशवी घेऊन उभे. त्यांच्या डोक्यावर नवे केस आले होते, पार करडे. ह्यांनी वाकून नमस्कार केला. परब त्यांच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता मासे घाल हां तू." भोंगा झाला. सासूबाईंनी मागे वळून बघितलं नाही. बोट लागू नये म्हणून लिंबाची फोड नाकाशी धरून त्या फळीवरून चढत होत्या.

ह्यांनी पुढच्या ओहोटीला जाऊन तीन मासे आणले. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे, बोटभर. सोडताना आम्ही दोघंच होतो. आधी ते दगडामागे गेले, मग एकेक करून बाहेर आले. पाणी दुधाळलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. ते मासे पुढे बरीच वर्षं जगले, हे सईला सांगितलं तर ती डोळे मोठे करते आणि विचारते, "टेस्ट किटशिवाय?" मग जांभई देते. तिची आजची नळी पिवळी आली आहे, म्हणजे अमोनिया उतरला, पण आणखी एक तपासणी बाकी आहे म्हणे. ती सोफ्यावरच झोपते. मी तिच्यावर चादर घालते आणि दिवा तसाच ठेवते.

त्या वर्षी पाऊस लागला आणि बोटी बंद झाल्या. सासूबाई गावातच अडकल्या. गणपती झाल्यावर बोटी सुरू झाल्या तेव्हा त्या परत आल्या, काळवंडलेल्या, बारीक झालेल्या, नाचण्याच्या पिठाचं गाठोडं घेऊन. परब आले नाहीत. ते मग मुंबईला कधी आलेच नाहीत. त्यांची खोली पुढे दुसऱ्यांनी घेतली.

चहा झाल्यावर मी विचारलं, "काय झालं हो तिथे, आई?"

त्या पाय चेपत बसल्या होत्या. म्हणाल्या, बोटीवर त्यांना उलट्याच उलट्या झाल्या. अर्जुनानेच डोकं धरलं. मग छोट्या पडावातून किनारा, तिथून बैलगाडी, आणि शेवटची वाट पायी. पोचले तेव्हा उन्हं कलली होती. वासूची आई खळ्यात सुकत घातलेली कोकमाची सोलं परतत होती. हात कोपरापर्यंत लाल. पावलं वाजली तशी ती उभी राहिली. परब खळ्याच्या कडेला थांबले, एक पाऊल पुढे टाकेनात. पाठीमागून ढकलावं की काय अशा विचारात सासूबाई होत्या. ती नुसती बघत होती. जसं परब म्हणाले होते तसंच.

"मग?"

"मगे ती म्हणाली, 'केवढे दमलात ओ. बसा हंय.'"

आणि परब तिथेच, त्या सोलांमध्ये, मातीवर बसले. घरापर्यंतसुद्धा गेले नाहीत. तीही बसली. मुलगा गेल्यापासून ज्याच्या डोळ्यांत कोणी पाणी पाहिलं नव्हतं, तो माणूस तिच्या लाल हातांत तोंड घालून रडायला लागला, आणि ती त्याला विचारायला लागली. वासू त्या दिवशी काय जेवून गेला होता. कपडे कुठले होते. चेहरा कसा होता. परब एकेक सांगत होते.

"आणि तुम्ही?"

सासूबाईंनी पाय आखडून घेतले.

"मी काय करतलंय? आत जाऊन तांदूळ धुतलंय. म्हातारी धरून चार माणसां होती. सकाळपासून कोण जेवला नव्हता."